नवशिक्यांचा गट पाडताना: रेषेवर तपासता येईल तेवढंच लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळ वीस गुंठ्यांच्या पडीक जागेत तुम्ही चार-पाच मित्रांनी मिळून रिमोटच्या गाड्यांचा ट्रॅक केलाय. रविवारी चौदा-पंधरा जण जमतात. कुणाकडं ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली छोटी गाडी, कुणाकडं वन-टेनची (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) जोरदार ब्रशलेस मोटरची गाडी, आणि सगळे एकदमच पळवतात. नवीन पोरं दोन रविवार येतात, गाडी मोडते, तिसऱ्या रविवारी दिसत नाहीत. आता नवशिक्यांचा वेगळा गट करायचाय आणि त्याला नियम काय ठेवायचे, हे तुम्ही विचारलंय.

सविस्तर सांगतो, कारण हेच काम आम्ही बेळगावात तीनदा केलं आणि पहिल्या वेळी पुरतं फसलं. बारा वर्षांपूर्वी वडगावच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही सुरुवात केली. नियम हवेत म्हणून परदेशातल्या एका क्लबचे नियम उतरवून काढले. साडेतीन पानं झाली. मोटर अमुक टर्नची (म्हणजे आतल्या तारेच्या इतक्या वेढ्यांची), गाडीचं कमीत कमी वजन इतकं, टायर ठरावीकच, आणि वर चार गट. माणसं अकरा, गट चार! एका गटात तर दोनच गाड्या. मोटरचे टर्न उघडून कुणाला बघता यायचे नाहीत, वजनाचा काटा कुणी आणायचा नाही. मग ज्याची गाडी पुढं, त्याच्यावर संशय, आणि संशय आला की भांडण. होळीपर्यंत निम्मी माणसं यायची बंद झाली, आणि त्यात बहुतेक नवीन होती. जुनी माणसं भांडतात आणि पुढच्या रविवारी परत येतात. नवीन माणसाला अजून ट्रॅकची ओढ लागलेली नसते, तो भांडण बघूनच घरी बसतो.

त्यातून मी एकच गोष्ट धरून ठेवली. जो नियम रेषेवर, सगळ्यांसमोर, मिनिटाभरात तपासता येत नाही, तो कागदावर लिहायचाच नाही. आपल्याकडं बैलांच्या शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट असतात. मालक वासराचं वय काहीही सांगेल, पण तोंड उघडून दात बघितले की विषय संपला. आपल्याला गाडीचे असे दात शोधायचे आहेत.

गाडीचा पहिला दात बॅटरी. मोटर किती जोरात फिरेल ते मुख्यतः तिला मिळणाऱ्या व्होल्टवर असतं. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, तीन सेलची १२.६. म्हणजे त्याच गाडीला, त्याच मोटरला तिसरा सेल लावला की वेग ढोबळ मानानं दीडपट. पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, तो सव्वादोनपट होतो. तुमच्या पोरांच्या गाड्या का मोडतात याचं निम्मं उत्तर इथंच आहे. म्हणून नवशिक्यांच्या गटात दोन सेल, त्यावर एकही नाही. तपासायला मीटरसुद्धा लागत नाही. बॅटरीला जी छोटी पांढरी बॅलन्सची पिन असते तिच्या वायरी मोजा. तीन असल्या तर दोन सेल, चार असल्या तर तीन सेल. दहा वर्षांचं पोरगं मोजेल.

तरी एक मल्टिमीटर ठेवाच. चार्जरचं सेटिंग बदलून सेल ४.२ व्होल्टच्या वर भरणारे असतात. त्यानं थोडासा फायदा होतो आणि बॅटरी पेटायचा धोका वाढतो. मीटर सगळ्यांसाठी एकच असावा, कारण दोन स्वस्त मीटर कधी सारखं दाखवत नाहीत. आम्ही मर्यादा ८.४५ ठेवली आहे, मीटरच्या चुकीपुरती सूट. निकेलची सहा सेलवाली जुनी बॅटरी कुणी आणली तर चार्जरवरून काढल्या काढल्या ती याहून जास्त दाखवेल, पण लोड आला की लगेच खाली बसते. तिला जाऊ द्या. फुगलेली बॅटरी मात्र कुणाचीही असो, परत. सपाट फरशीच्या तुकड्यावर आडवी ठेवायची, डुलली तर ती फुगलेली. आमच्या टेबलावर शहाबादी फरशीचा एक तुकडा त्याच कामासाठी आहे.

दुसरा दात मोटर. साध्या ब्रशच्या मोटरला दोन वायरी, ब्रशलेसला तीन. सुरुवातीला आमचा नियम होता ‘दोन वायरी, दोन सेल’ आणि तो दोन वर्षं छान चालला. ब्रशची बंद डब्याची मोटर, पाचशेचाळीस किंवा पाचशेपन्नास साइजची, पत्र्याचे कान दुमडून बंद केलेली. कान उचकटलेले दिसले की कुणीतरी आत हात घातलाय हे लगेच कळतं. ती जळली तरी नवीन घ्यायला घरात परवानगी काढावी लागत नाही. डब्ल्यूएल टॉइजची १४४००१ ही त्या काळात आमच्याकडं जवळजवळ ठरलेली पहिली गाडी होती: वन-फोर्टीन, फोर व्हील ड्राइव्ह, पाचशेपन्नासची ब्रश मोटर, दोन सेल. नियम आणि बाजार जुळत होते.

मग बाजार बदलला. एमजेएक्सच्या हायपर गोसारख्या गाड्या आल्या, डब्यातूनच ब्रशलेस. दहावीतल्या एका मुलाला वडिलांनी पास झाला म्हणून तीच गाडी दिली. आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतलेलं पोर, आणि आमच्या नियमानं त्याला मुरलेल्या लोकांच्या गटात ढकललं. पहिल्याच फेऱ्यात तीन वेळा उलटला. वडील मागं छत्री धरून उभे होते. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “नवशिक्यांचा गट म्हणजे नवीन माणसांचा की जुन्या गाड्यांचा?” मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी नियम बदलला.

आता तीन वायरी चालतात, पण सेल दोनच, आणि फेऱ्याला वेळेची मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे असं: ठरवलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात फेरा मारला तर तो फेरा मोजायचा नाही. दंड नाही, भांडण नाही, फक्त मोजायचा नाही. तुमच्या परिस्थितीत सगळ्यात जास्त उपयोगाचा नियम हाच आहे, म्हणून त्याच्यावर थोडा थांबतो.

मर्यादा ठरवायची कशी? तुमच्यातला सगळ्यात मुरलेला जो आहे त्याच्या हातात नवशिक्याची साधी, दोन वायरींची गाडी द्या, भरलेल्या बॅटरीवर. पाच मिनिटं पळवू द्या. त्याचा सरासरी फेरा जितक्या सेकंदांचा, तीच मर्यादा. आमच्या ट्रॅकवर तो आकडा २३ सेकंद आला. नवीन माणूस सुरुवातीला तिसाच्या आसपास असतो, त्याला ही मर्यादा जाणवतही नाही. ज्याच्याकडं वेगवान गाडी आहे त्याला मात्र सरळ रस्त्यावर थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) पूर्ण दाबून काही मिळत नाही. तो आपोआप सरळ रस्त्यावर हात सैल सोडतो आणि वळणावर लक्ष घालतो. त्या दहावीतल्या पोराचं हेच झालं. दोन महिन्यांत तो वळणाला आधी ब्रेक मारून, मग स्टिअरिंग देऊन, मग हळू थ्रॉटल देत बाहेर पडायला शिकला. त्याच्याआधी तो तिन्ही एकदमच करायचा. हे आम्ही त्याला चार वेळा तोंडानं सांगितलं होतं, पण ते अंगात उतरलं मर्यादेमुळं.

बऱ्याच रिमोटवर थ्रॉटल कमी करायची कळ असते, ती सत्तर टक्क्यांवर ठेवा असा नियम का नको, असं कुणीतरी विचारेलच. सल्ला म्हणून उत्तम आहे, मी स्वतः प्रत्येक नवीन पोराला ती कमी करून देतो. पण नियम म्हणून नको. शर्यत सुरू झाल्यावर बोट फिरलं की नाही हे कुणाला दिसत नाही. फेऱ्याची वेळ सगळ्यांना दिसते.

फेरे मोजायला ट्रान्सपॉन्डरचा (गाडीत बसवून फेरे आपोआप मोजणाऱ्या यंत्राचा) खर्च आत्ताच करू नका. एका गाडीमागं एक माणूस, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. गाडी रेषेवरून गेली की लॅपचं बटण दाबायचं. ज्यांची पाळी नाही ती पोरं हे काम आनंदानं करतात, आणि शर्यतभर एकच गाडी डोळ्यांनी धरून बसल्यानं कुठली लाइन वेगवान आहे हे त्यांना न सांगता कळतं.

आता वजन. वन-फोर्टीन, वन-सिक्स्टीनची गाडी किलो-दीड किलोची. वन-टेनची शॉर्ट कोर्स ट्रक, ट्रॅक्सस स्लॅशसारखी, बॅटरीसकट दोन किलोच्या वर जाते. छोटीनं मोठीला ठोकलं तर मोठीचं काही जात नाही, उलट झालं तर छोटीची पुढची बाजूच जाते. किराणा दुकानातला काटा आणा आणि दोन किलोवर रेघ ओढा. दोन किलोच्या वरची गाडी छोट्यांबरोबर सोडायची नाही, मग चालवणारा कितीही नवीन असो. मोठ्या गाडीचे नवशिके दोघंच असले तर दोघांनाच चार मिनिटं द्या आणि त्यांच्यामागं तुमच्यातल्या एकानं दोन सेलवर सोबतीला गाडी चालवा. याच्यापलीकडं गट वाढवू नका. छोटा नवशिका, मोठा नवशिका आणि खुला, बस्स. खुल्या गटाला मी नियम सुचवत नाही, ते आपसात बघून घेतील. बॅटरी फुगलेली नसावी आणि रिमोटची चाचणी व्हावी, एवढं त्यांनाही लागू.

रिमोटची चाचणी म्हणजे फेलसेफ. गाडी एका हातात उचलून धरायची, चाकं मोकळी, थोडा थ्रॉटल द्यायचा आणि रिमोट बंद करायचा. चाकं थांबली पाहिजेत. फिरतच राहिली तर ती गाडी त्या दिवशी ट्रॅकवर नाही. रेंज गेली किंवा रिमोटचे सेल संपले तर अशी गाडी थेट बघ्यांच्या पायांत जाते. सुरू करताना रिमोट आधी, बंद करताना गाडी आधी, ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

यानंतरचा मुद्दा खास आपल्या भागाचा, आणि परदेशी नियमांत तो तुम्हाला सापडणार नाही. आमच्या उद्यमबागेत लेथ, मिलिंग, फाउंड्री हाकेच्या अंतरावर आहे. माझं स्वतःचं पोट त्याच्यावर आहे. तुमच्याकडंही कुणाचा तरी काका कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या कारखान्यात असणारच. प्लॅस्टिकचा आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) तुटला की पोरगं तो तुकडा घेऊन कारखान्यात जातं आणि ॲल्युमिनियमचा करून आणतं. करून देणाऱ्यालाही कौतुक असतं. मीही करून दिलेत. एकदा एका मुलाला पुढचे दोन्ही खालचे आर्म प्लेटमधून काढून दिले, कडा फाइलनं गोल केल्या, पिनेचं भोक रीमरनं साफ केलं. बघायला इतके देखणे झाले होते की मुलगा ते खिशात घालून फिरायचा. पुढच्या रविवारी उडीवरून गाडी पुढच्या चाकावर पडली. आर्मला ओरखडासुद्धा नाही. आर्म ज्यात बसतो तो बल्कहेड मात्र मधोमध फुटला, आणि त्याच्याबरोबर डिफची (डिफरन्शियल गिअरची) पेटी चिरली. प्लॅस्टिकचा आर्म लवतो आणि शेवटी तुटतो, तो तुटण्यासाठीच तिथं असतो. धातूचा आर्म तो सगळा धक्का आत पाठवतो. मुलाचा आर्म वाचला आणि गाडी पंधरा दिवस खोक्यात गेली.

म्हणून नवशिक्यांच्या गटात आर्म, बंपर, शॉक टॉवर (शॉक ॲबसॉर्बर अडकवायची पट्टी) डब्यातल्यासारखेच प्लॅस्टिकचे. लोहचुंबक चालत नाही कारण ॲल्युमिनियमला चिकटत नाही, पण नखानं टिचकी मारली की आवाजावरून कळतं. शाफ्ट, गिअर, बेअरिंग धातूचे चालतील, ते दुसऱ्याला लागत नाहीत. बुश (बेअरिंगऐवजी बसवलेली साधी कडी) काढून बेअरिंग घालायला तर मी सांगतोच, धुळीत बुश लवकर झिजतात. आणि बंपरच्या पुढं कुठलाही धातू, स्क्रूचं डोकंसुद्धा, बाहेर आलेलं नको. हात फिरवून बघायचा.

टायरवर फार वेळ घालवू नका. कुठलेही चालतील, केमिकल लावायचं नाही. तुमची काळी जमीन आहे. मार्चनंतर वरची धूळ सुटली की सगळ्यांचे टायर सारखेच घसरतात. खानापूरकडच्या तांबड्या मातीत टायरचा फरक पडतो, तुमच्याकडं पाणी कधी मारलं याचाच जास्त पडतो. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारा, सकाळी नको, काळी माती चाकाला धरते. कडेला दगड-विटा लावल्या असतील तर आधी काढा. ठिबकच्या जुन्या पाइपा खुंट्यांना बांधून कड करा. गाडी आदळली तर पाइप सरकते, आर्म वाचतो. माझ्या हिशेबानं तुमच्याकडं मोडलेल्या निम्म्या गाड्या दुसऱ्या गाडीनं नव्हे, कडेनं मोडल्या असतील.

शर्यत चार मिनिटांची ठेवा, एका वेळी पाच गाड्या. पाचही एकदम सोडू नका. एकेकाला नाव घेऊन, सेकंदाच्या अंतरानं सोडा आणि प्रत्येकाची वेळ त्याच्या सुटण्यापासून मोजा. पहिल्या वळणावरची गर्दी टळते, आणि नवीन माणूस पहिल्या वळणावरच घाबरतो.

उलटलेली गाडी सरळ करायला मार्शल लागतात. आधीच्या फेरीत जे पळले ते पुढच्या फेरीत मार्शल, ही पद्धत सगळीकडं आहे आणि ती चांगली आहे. पायात बूट हवेत. गाडी सरळ करून ठेवायची, दुरुस्त करायची नाही. मागून येणाऱ्या गाड्या बघूनच ट्रॅकवर पाय टाकायचा. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना ट्रॅकच्या आत उभं करू नका, दोन किलोची गाडी घोट्यावर बसली की मोठा माणूसही खाली बसतो.

आणखी एक नियम आम्हाला अनुभवानं घालावा लागला: ज्यानं रिमोट हातात घेऊन सुरुवात केली त्यानंच शेवट करायचा. पोरगं मागं पडलं की वडिलांचा हात शिवशिवतो, “आण इकडं” म्हणून रिमोट घेतात. त्यांच्या मायेत खोट नाही. पण पोराला कळतं की आपल्यापेक्षा निकाल मोठा आहे, आणि ते पोर हळूहळू येईनासं होतं. वडिलांसाठी शेवटी दहा मिनिटं मोकळी ठेवा, हवं तितकं पळवू देत.

नवशिक्यांच्या गटातून बाहेर कधी काढायचं, हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर तिथं एकजण वर्षभर बक्षिसं गोळा करत बसतो. सलग तीन रविवार पहिला आला, की पुढच्या रविवारपासून खुला गट. मर्यादेमुळं न मोजलेले फेरे एका शर्यतीत निम्म्याहून जास्त झाले आणि असं दोनदा घडलं, तरीही खुला गट. त्याला तिथंही दोन सेलवरच पळवायची मुभा असू द्या, तिसऱ्या सेलची सक्ती कुठंच नको. आमच्याकडं वर गेलेल्या मुलाला सगळ्यांसमोर गाडीच्या बॉडीवर लावायला नवा नंबर देतात. तेवढ्यासाठी पोरं महिनोन् महिने घासतात.

हे सगळं एका कागदावर, एकाच बाजूला बसलं पाहिजे. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. तुमच्याकडं चिकोडी, हुक्केरीकडनं येणारी पोरं असतील, त्यांच्या घरच्यांना वाचता आलं पाहिजे. पोरं एकमेकांत कुठली भाषा बोलतात ते बघा आणि तसेच शब्द घाला, ‘चाक’, ‘गाडी’, ‘बॅटरी’. वर मोठ्या अक्षरात ‘दोन सेल’ आणि फेऱ्याचा आकडा. छापायची घाई नको. पहिले तीन रविवार हातानं लिहिलेला कागद झाडाला लावा. ज्या ओळीवरून दोनदा वाद झाला ती ओळ खोडा किंवा तपासण्याची रीत बदला, मग छापा.

पाऊस उघडून जमीन वाळली की, साधारण दिवाळीनंतर, सुरुवात करायला ठीक. तारीख ठरली की कळवा. बेळगावहून निपाणी हायवेनं सव्वा-दीड तासाचं अंतर. मीटर, फरशीचा तुकडा आणि दोन वायरींच्या दोन जादा छोट्या गाड्या घेऊन येतो. जी पोरं यायची बंद झालीत त्यांना तेवढा निरोप द्या, गाडी मोडलेली असली तरी हात हलवत या म्हणावं.